केस गळतात म्हणून आलेले पुरुष

बजाजनगरच्या कामगारवस्तीत माझा दवाखाना होता तेवढी सगळी वर्षं तिथल्या पुरुषांचे केस गळत होते. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. डोक्यावर चांगलं दाट रान, तेल चोपडून पाडलेला भांग, आणि समोर बसून सांगायचे, "मॅडम, केस लई गळायलेत." मी गंभीरपणे केस बघायची, कोंडा आहे का विचारायची, शाम्पू लिहून द्यायची. मग तो गडी उठायचा, दारापर्यंत जायचा, पडद्याला हात घालायचा आणि तिथंच थांबायचा. "मॅडम, अजून एक होतं." हे 'अजून एक' म्हणजे खरा आजार. मी त्याला उंबऱ्यावरचा आजार म्हणायची. नवी असताना मी पेशंट उठला की पुढच्याला हाक मारायची. पुढं शहाणी झाले. माणूस पडदा ओलांडेपर्यंत मी पेन खाली ठेवत नसे.

संपादकांनी फोनवर विषय सुचवला होता, हिवाळ्यात त्वचेची निगा. मी म्हटलं, साबण आणि क्रीमवर कुणीही लिहील हो. मी ज्याच्यात हयात घालवली आणि ज्याची मला आजही तितकीच हौस आहे, ते लिहू द्या. मग ते म्हणाले, "लिहा, पण दिवाळीत घरातले सगळे वाचतात." म्हटलं, तेच तर पाहिजे.

मी त्वचारोग आणि गुप्तरोगांची डॉक्टर. हे दोन विषय आपल्याकडं एकाच पदवीत जोडून शिकवतात. मुलीनं स्किन घेतलं म्हणून घरचे खूश होते, मुरुमं, चट्टे, वेळेवर घरी. जोडीला दुसरं काय येतं ते सासरच्यांना पाटी लागली त्या दिवशी कळलं. पेंटरनं 'त्वचारोग' निळ्यात काढलं होतं आणि 'गुप्तरोग' लाल रंगात, दुप्पट मोठं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तेवढा शब्द पुसून घे. आपण कीर्तनाला जाणारी माणसं." आमचे हे कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांनी पाटीकडं बघितलं आणि म्हणाले, "राहू दे, लांबून दिसते." तो शब्द शेवटपर्यंत राहिला, आणि सासूबाई शेवटपर्यंत दवाखान्याला 'स्किनचा' म्हणत राहिल्या.

लोक मला विचारतात, पुरुषांना बाईपुढं लाज वाटत नव्हती का? वाटायची की. पण पुरुष डॉक्टरपुढं त्यांना पुरुष म्हणून बसावं लागायचं, छाती काढून. माझ्यापुढं एकदा लाज सरली की ते मोठ्या बहिणीला सांगावं तसं बोलायचे. तपासणीच्या वेळी आमचे कंपाउंडर युसूफभाई शेजारी उभे असायचे. माझ्यापेक्षा वयानं मोठे, मूळचे धाराशिवकडचे, दाढी मेंदीनं लाल. पेशंट घाबरला की ते छताकडं बघत क्रिकेटचा स्कोअर सांगायला लागायचे.

आता धंद्यातलं थोडं सांगते, कारण निम्मे आजार हे माहिती नसल्याचे असतात. सगळ्यात जास्त यायची ती धातूची तक्रार. लेथवर काम करणारा एक पोरगा आला, गाल बसलेले, झोप उडालेली. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की रक्ताचे कितीतरी थेंब आटले की वीर्याचा एक थेंब तयार होतो. झोपेत कपडे ओले झाले की हा दिवसभर आपल्याला रक्त कमी पडतंय म्हणून भिंत धरून चालायचा. मी त्याला सांगितलं, बाबा, शरीर हे रोज नवं बनवतं आणि जुनं बाहेर टाकतं. त्याचा रक्ताशी काही हिशोब नाही. तरुण वयात झोपेत असं होणं म्हणजे यंत्रणा नीट चालू आहे. लघवीला जळजळ होत असेल, पू येत असेल तर तपासायला पाहिजे, तुझ्यात तसलं काही नाही. तो खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "म्हंजे मी बदाम बंद करू का?" म्हटलं, खा की, बदामानं कुणाचं वाईट झालंय. बाहेर पडताना त्याची चाल बदलली होती. औषधाची एक गोळीही न देता माणूस बरा करायचा, याच्यासारखी मजा नाही.

दुसरा एक ठेकेदार. पन्नाशीचा, गळ्यात चेन, कंपन्यांना माणसं पुरवायचा. हा केसांवर वेळ न घालवणारा होता. "ती गोळी लिहून द्या," एवढंच. मी विचारलं, जिना चढताना दम लागतो का, छातीत दुखतं का? त्यानं खिशातून जिभेखाली ठेवायची गोळी काढून दाखवली, अशी की जणू विडी काढतोय. मी ताडकन उभी राहिले. ती गोळी आणि त्याला हवी असलेली गोळी एकत्र पोटात गेल्या तर रक्तदाब धाडकन खाली जातो, माणूस जागेवर आडवा. आणि मुळात ताठरता हा सगळा रक्तपुरवठ्याचा खेळ. तिथल्या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक, म्हणून तुंबणं आधी तिथं कळतं. खालचं बंद पडलं, तर वरच्याकडं बघायला पाहिजे. तो चिडला, "मला शिकवू नका" म्हणाला. मी दारात आडवी उभी राहिले आणि हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात कोंबूनच त्याला सोडलं. त्याची बायपास झाली. पुढं दरवर्षी दौलताबादची सीताफळं यायची, सोबत निरोप नाही, नाव नाही. युसूफभाई टोपली उचलत म्हणायचे, "मैडम, बंद नळी आयी."

सगळ्यांचं असं गोड झालं नाही. बाजारच्या दिवशी तंबू ठोकून बसणारे, भिंतीवर जाहिराती रंगवणारे, या वैदूंकडं आधी जाऊन माझ्याकडं उशिरा पोचलेले फार. त्यातले काही अजून डोळ्यांपुढं येतात आणि वाईट वाटतं. पण आज मला गजाननची गोष्ट सांगायची आहे. नावं बदलली आहेत. त्याच्या आजोबांनी मात्र हयात असतानाच मला परवानगी दिली होती, "लिवा बिनधास्त, बाई."

शेंद्र्याला तेव्हा नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. गजानन तिथल्याच जवळच्या खेड्यातला, घरची शेती आणि कंपनीत मशीनवर नोकरी. वय पंचवीसेक. शेंद्रा शहराच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. सगळं शहर ओलांडून तो माझ्याकडं आला यातच मी काय ते ओळखलं. हा आजार कुणी जवळच्या डॉक्टरकडं नेत नाही.

केस बघून झाले. शाम्पू लिहून झाला. पडद्याला हात गेला.

"मॅडम, अजून एक होतं. माझं लग्न झालंय. पण ते जमंना."

"बस खाली. ताठरता येते का?"

"येती. पण लई दुखतंय. कातडं मागं सरकत नाय. पहिल्याच दिवशी रक्त आलं. त्याच्यानंतर मी भ्यालो, अन् तिच्या जवळच गेलो नाय."

तपासलं. पुरुषाच्या इंद्रियाच्या टोकावरची कातडी वयात येईपर्यंत सैल होऊन मागं सरकायला पाहिजे. काहींची सरकत नाही, तोंड आवळलेलं राहतं. याला आम्ही फायमोसिस म्हणतो. बऱ्याच जणांना नुसत्या मलमानं गुण येतो, काही आठवडे लावायचं, हळूहळू कातडी सैल करायची. पण गजाननानं बाजारातल्या तंबूवाल्याचं कसलंतरी तेल लावून कातडी भाजून घेतली होती. तिथं पांढरं, कडक कडं तयार झालं होतं. तरी मी मलम देऊन बघितलं. काही उपयोग झाला नाही. कातडीला छेद देऊन तोंड मोठं करायचाही एक मार्ग असतो, पण हे कडं इतकं कडक होतं की ते पुन्हा आवळलं असतं. ती कातडी काढून टाकणं हाच इलाज. जागा बधिर करायची, छोटं ऑपरेशन, टाके आपोआप विरघळतात, काही आठवडे दम धरायचा आणि मग आयुष्यभर त्रास नाही.

मला तर सांगताना आनंद आवरत नव्हता. अहो, आमच्या विषयात पूर्ण बरा होणारा, पुन्हा कधी न उलटणारा आजार मिळणं म्हणजे सणच. मी भरभरून सांगत होते आणि समोर गजाननचा चेहरा उतरत होता.

"म्हंजे सुंता," तो म्हणाला.

"नाव काही दे. ऑपरेशन आहे."

"नाय मॅडम. आमच्यात नसतं ते. आबा मला उंबऱ्याच्या आत घेणार नाय."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्याचे वडील लहानपणीच गेलेले. घरात आबांचा, म्हणजे आजोबांचा शब्द शेवटचा. बायको वैशाली पंचमीला फुलंब्रीकडं माहेरी गेली ती परत आलेली नव्हती. गावात बोलणं असं होतं की पोरगी नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. दिवाळी झाली की दोन्हीकडची माणसं बसणार होती आणि फारकत करून टाकणार होती. गजाननचं दुसरं लग्न लावायचंही बोलणं निघालं होतं. खरं काय ते फक्त दोघांना माहीत होतं, आणि दोघंही गप्प होते.

मी म्हटलं, तिला एकदा घेऊन ये. तो तिला परस्पर माहेरून घेऊन आला. बारीक चणीची, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी मुलगी. मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती खालमानेनं ऐकत होती. मग म्हणाली, "मला वाटलं, माझ्यातच काय तरी कमी हाय. सासरी म्हणतेत, पोरगी थंड हाय. माहेरी म्हणतेत, तुला नांदता येईना."

"तू खरं का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं तर त्यांची मान खाली जाईल. त्यांना त्याच गावात राहायचंय."

मला तिचा इतका राग आला आणि इतकं भरूनही आलं की मी उगाच युसूफभाईंवर ओरडले, चहा का नाही आणला म्हणून. मग गजाननला सांगितलं, आबांना तू स्वतः सांगायचं. ही पोरगी तुझ्यासाठी बदनामी गिळून बसलीये आणि तू तोंड उघडत नाहीस, हे मला पटत नाही. त्यानं खरंच सांगितलं. त्याचं फळ म्हणून चार दिवसांत आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, सरळसोट उंच म्हातारा. गजानन त्यांच्या मागं. आबांनी खुर्ची घेतली नाही.

"बाई, आमच्या पोराला काय करायला निघाल्या तुम्ही?"

मी सगळं सांगितलं, चित्र काढून दाखवलं. ते चित्राकडं बघेनात.

"ह्या अंगानं मी रझाकाराचे दिवस काढलेत. घर सोडून रानात राह्यलो, पण वाकलो नाय. अन् आता माझ्या नातवाचं ते करायचं? कोणाला काय सांगू?"

"आबा, हा कातडीचा आजार आहे. धर्माचा नाही."

"कातडीचा आसंल. गाव कातडी बघायला येत नाय. गाव बोलतं."

युसूफभाई मागं हत्यारं उकळायला ठेवत होते. निजामाचं राज्य गेलं तेव्हाच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या गावात मुसलमानांचं काय झालं ते त्यांच्या वडिलांनी पाहिलं होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. त्या खोलीत दोघांच्याही घरचे ते दिवस होते. युसूफभाईंनी फक्त आबांच्या पुढं पाण्याचा ग्लास ठेवला. आबांनी तो घेतला आणि प्यायला. आणखी मागितला. तोही प्यायला.

"ठरलं," आबा म्हणाले. "आमच्या घरात हे होणार नाय. गजा, गाडी उन्हात हाय. जा, सावलीला लाव."

गजानन गेला. आबा दारापर्यंत गेले, पडद्याला हात घातला आणि थांबले. खरं सांगते, पेन अजून माझ्या हातातच होतं.

"बाई," पाठमोरेच म्हणाले, "अजून एक होतं."

"काय आबा, केस गळायलेत?"

"केस कवाच गेले. खाज हाय. लई दिसांची. चिरा पडायल्यात, आग होती. आता कोणाला दाखवावं? आमची म्हातारी बी राह्यली नाय."

तपासलं. लालभडक, चिरलेलं, आणि कातडी आवळून आलेली. मी विचारलं, रात्री पाणी प्यायला उठता का? पाण्याला आणि लघवीला, दोन्हीला, म्हणाले. युसूफभाईंनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर इतकी वाढलेली की युसूफभाईंनी मला आकडा नुसता दाखवला.

हेही वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. वय झालेल्या पुरुषाला त्या जागी पुन्हा पुन्हा खाज येत असेल, चिरा पडत असतील, तर आधी साखर तपासा. लघवीतून साखर जाते, कातडीखाली ओल राहते, तिथं बुरशी वाढते. कितीतरी जणांचा मधुमेह मी असाच पकडलाय, पायाला मुंग्या यायच्या आधी.

आबा मानायलाच तयार नाहीत. "साखर? बाई, मी साखरेला शिवत नाय. चहा सुदिक गुळाचा पितो."

"दिवसातून किती?"

"मोजला नाय कवा."

मला हसू आवरेना. गूळ म्हणजे साखर नव्हे, ही आमच्या भागातली पक्की समजूत. तिच्यावर मी किती भाषणं दिली असतील. आबांना औषधं दिली, मलम दिलं, गूळ बंद केला. जाताना ते म्हणाले, "गजाला साखरेचं सांगा, बाकीचं नको." म्हटलं, तुमचं त्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे.

नियम सांगायला सोपा, पाळायला माझ्यासारखीला महाकठीण. माझ्या पोटात साधी भाजी करपल्याची गोष्ट टिकत नाही. आणि इथं एकाच घरातले दोन पुरुष, एकच दुखणं, एकानं दुसऱ्याच्या इलाजाला आडवा हात घातलेला, आणि मला दोन्ही बाजू माहीत. गजानन आग थांबवायच्या मलमाची ट्यूब न्यायला आला की विचारायचा, "मॅडम, आबा आजकाल गप गप असतेत. तुम्ही काय बोलल्या त्यांना?" मी म्हणायची, शुगर आहे त्यांना, गूळ देऊ नका. आणि तो गेला की मी उगाच टेबलावरचे कागद इकडचे तिकडं करायची. दिवाळी जवळ येत होती.

आबांची साखर खाली आली. खाज गेली. पण कातडी सैल होईना, उलट लघवीची धार बारीक झाली, लघवी करताना फुगवटा यायला लागला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं.

"म्हंजे तेच?"

"तेच."

"जे गजाला सांगितलं?"

"गजाला काय सांगितलं ते मी तुम्हाला बोलणार नाही. त्यानं तुम्हाला सांगितलंय ना, मग त्यालाच विचारा."

ते उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. मी पुढचा पेशंट घेतला, पण पडद्यातून कान बाहेरच. थोड्या वेळानं आबांचा आवाज आला, हळू.

"युसूफमियाँ, लई दुखतं का वो?"

"आबा, मेरेकू क्या मालूम? मैं इत्तासा था. नवे कपडे पैनाए, हात में मिठाई दिए, इत्ताच याद है."

"रडला आसाल."

"रोया होंगा. फिर मिठाई खाया होंगा." युसूफभाई थांबले. "आबा, सुई लगाके करते अब. कायकू डर रै? आप तो जंगल में रहके आए."

आबा एकदम हसले. मी त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं. आत येऊन म्हणाले, "बैठकीच्या आधी माझं उरका, बाई."

"घरी काय सांगणार?"

"हर्निया."

शहागंजात आमच्या ओळखीच्या सर्जनचं छोटं हॉस्पिटल होतं. तिथं ऑपरेशन झालं. सर्जन काम करत होते आणि आबा सगळा वेळ आपल्या एका जुन्या बैलाचं कौतुक सांगत होते, तो कसा नुसत्या हाकेवर वळायचा. संपलं म्हटल्यावर म्हणाले, "झालं? एवढंच?" त्याच दिवशी घरी सोडता आलं असतं. पण साखर होती, वय होतं, आणि मुख्य म्हणजे आबा स्वतःच हटून बसले, "मला इथं खाटेवर ऱ्हाऊ द्या." आम्हाला नवल वाटलं. हॉस्पिटलात राहायची हौस कुणाला असते?

कारण मला पुढच्या दिवशी कळलं. आमच्याकडं पेशंट बघायला जाणं लग्नाला जाण्याइतकंच सक्तीचं. भांडण असो, कोर्टात केस असो, माणूस खाटेवर आहे म्हटलं की जीप भरून माणसं येतात. मी जखम बघायला गेले तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही. भावकीतली चार माणसं, त्यांच्यात आबांचे चुलतभाऊ नाना, जे फारकतीसाठी सगळ्यात पुढं होते. आणि वैशालीचे वडील, तिचे अप्पा, मोसंबीची पिशवी मांडीवर धरून. त्यांच्या मागं दाराला टेकून वैशाली. गजानन खिडकीशी. बैठकीला ज्यांना बसायचं होतं ते सगळे आबांनी आपल्या खाटेभोवती गोळा करून घेतले होते.

नाना म्हणाले, "आबा, तुम्ही बरे झाले की मग बसू. पोरीकडची मंडळी घाई करायलेत."

"बसलाच हाय की सगळे," आबा म्हणाले. "आत्ताच बोला."

अप्पा अवघडले. "पाव्हणं, आजारी माणसापुढं कसं बोलावं? पण लेकीचं नांदणं होईना. दोन्ही घरं मोकळी होऊ द्या."

"दोष कुणाचा धरायचा?"

"पोरीचाच की," नाना म्हणाले. "आपलं पोरगं तर धडधाकट हाय."

वैशालीनं पदर आणखी पुढं ओढला. आबांनी माझ्याकडं बघितलं.

"बाई, मला कशाचं ऑपरेशन झालं ते ह्यांना सांगा."

"आबा, ते मी कसं..."

"मी म्हणतोय ना. माझं हाय. सांगा."

मग काय. इतके दिवस दाबून धरलेलं, मी सांगितलं. साखरेपासून कातडीपर्यंत, एकही शब्द न गाळता, जसं तुम्हाला आत्ता सांगितलं तसं. अप्पांच्या मांडीवरून एक मोसंबी घरंगळत खाटेखाली गेली, ती उचलायलाही कुणी वाकलं नाही.

"पण तुम्ही तर हर्निया..." नाना म्हणाले.

"हर्निया नाय. तेच हाय जे ऐकलं." आबा उशीला टेकून सरळ बसले. "आता बघा माझ्याकडं. मी बाटलो का? चंपाषष्ठीला खंडोबाची तळी मीच उचलणार. कोणाला अडवायचं आसंल त्यानं आत्ता बोलावं."

नाना खाटेजवळ सरकले.

"गावात काय सांगायचं?" नानांनी शेवटचं विचारलं.

"खरं सांगायचं. तुम्हाला जमत नसंल तर मी सांगतो, पारावर बसून. दुखणं आलं, इलाज केला. ह्याच्यात लपवायचं काय होतं? मी लपवलं, अन् उगा जळत बसलो." आणि ते पुन्हा उशीला टेकले. नातवाकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटत होतं, आता ते गजाननचं सांगणार. त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांनी त्याच्यावर सोडलं.

गजानन खिडकीपासून हलला.

"मलाबी तेच हाय," तो म्हणाला. आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "लहानपणापासून. वैशालीचा कायबी दोष नाय. मीच भ्यालो. ती माझ्यासाठी गप ऱ्हायली."

शेजारची खाट रिकामी होती, स्वच्छ चादर घातलेली. गजाननानं दोन पावलं टाकली, चपला काढल्या आणि जाऊन तिच्यावर बसला.

अप्पांनी एकदा जावयाकडं बघितलं, एकदा लेकीकडं. मग पिशवी सावरत उठले. "चल," ते तिला म्हणाले. सवयीनंच म्हणाले असावेत. या सगळ्या प्रकरणात त्या मुलीला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही.

"अप्पा, तुम्ही जावा," वैशाली म्हणाली. "मी हितंच थांबते."

आणि भावकीच्या सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, सासऱ्याच्याही वडिलांसमोर, ती पुढं आली आणि नवऱ्याच्या खाटेवर, त्याच्या पायाशी बसली. तिला कुणीही ऊठ म्हणालं नाही.